वाढत्या मापाचे बूट

ऑगस्ट आला की माझं डोकं फिरतं. आयर्लंडमध्ये ऑगस्ट म्हणजे शाळेच्या बुटांचा महिना. उन्हाळा कधी आला हे कळायच्या आत तो संपल्याची पाटी दुकानांवर लागते, करडे स्कर्ट आणि निळे स्वेटर हँगरवर लटकू लागतात, आणि आमच्या कॅरिगलाइनमधल्या बुटांच्या दुकानाच्या काचेत त्या जाहिराती पुन्हा बसवल्या जातात. सत्तर वर्षांपूर्वीच्या, इंग्लंडमधल्या, लहान मुलांच्या कपड्यांच्या आणि बुटांच्या जाहिराती. चौकटी करून, काच लावून, देवांच्या तसबिरींसारख्या ओळीने. काल त्या दुकानावरून जाताना मी मुद्दाम पलीकडच्या फुटपाथने गेले. चाळीस वर्षांची बाई, रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात क्वालिटीचं काम करते, आणि एका चित्रातल्या मुलीला टाळून रस्ता ओलांडते. पण ते तसंच आहे.

काय असतं त्या चित्रांत? गुबगुबीत, सफरचंदी गालांची मुलं. गॅबर्डिनचे रेनकोट, कमरेला पट्टा, डोक्यावर फेल्टची टोपी. पाऊस पडत असतो, पण तो यांच्या अंगाला लागत नाही. गुडघ्यापर्यंत मोजे, आणि ते घसरत नाहीत. भाऊ बहिणीचा हात धरून शाळेत निघालेला, मागे कुत्रं, दारात हातमोजे घातलेली आई. आणि पायांत ते सँडल, तपकिरी, पुढे फुलाच्या आकाराची भोकं पाडलेले, मधून टी आकाराचा पट्टा. त्या मुलांच्या नाकातून शेंबूड येत नाही. त्यांना शी लागत नाही. त्यांना काही दुखत नाही. सगळी हसतात, आणि सगळी सारखीच हसतात. मला लहान मुलं आवडतात, पण ही मुलं मला मनापासून आवडत नाहीत.

माझी त्यांची ओळख चिंचवडची. आई घरी लहान मुलींचे फ्रॉक शिवायची. स्मॉकिंगमध्ये, म्हणजे चुण्यांवरच्या भरतकामात, तिचा हात धरणारं कॉलनीत कोणी नव्हतं. डिझाइनं मिळायची कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडून. त्याच्याकडे जुनी विलायती बायकांची मासिकं किलोने यायची. आई त्यातली मुलं कापायची. मुलंच, पान नव्हे. कात्री अगदी केसांच्या कडेने, बोटांच्या मधून, बुटांच्या टाचेखालून फिरवायची, आणि खळ लावून एका जाड चिकटवहीत डकवायची. इंग्रजी तिला फारसं येत नव्हतं, त्यामुळे खालचा मजकूर केरात जायचा. गिऱ्हाईक आलं की वही उघडायची. "हा छत्रीवाला बघा. ही वेणीवाली. आणि ही आमची शहाणी."

शहाणी म्हणजे तपकिरी सँडल घातलेली, दोन्ही हात मागे बांधून उभी असलेली, पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी. वहीच्या पहिल्या पानावर तीच. आणि दुसरी शहाणी म्हणजे मी. कारण फ्रॉक कागदावर कसा दिसतो हे बघून कोणी ऑर्डर देत नाही, तो अंगावर बघावा लागतो. बेल वाजली की मला पिवळा फ्रॉक चढवायचा, केसांना क्लिप लावायची आणि हात मागे बांधून उभं करायचं. चिंचवडच्या मे महिन्यात गुडघ्यापर्यंत मोजे. सँडल मात्र तसे कुठे मिळत नव्हते. आईने लक्ष्मी रोड पालथा घातला, आणि शेवटी एका दुकानात हुबेहूब तसा एक जोड सापडला. एकच होता, आणि माझ्या मापापेक्षा लहान. आई म्हणाली, "चामडं आहे, सैल पडेल." ते सैल पडले नाहीत. दोन वर्षं मी ते घालून हॉलच्या मधोमध उभी राहिले. गिऱ्हाईक म्हणायचं, किती गोड हसते हो तुमची. मी हसत होते कारण हसलं की लवकर सोडायचे.

आज माझ्या दोन्ही पायांचं दुसरं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं आहे. कारखान्यात सेफ्टी बूट एक नंबर मोठे मागवावे लागतात. क्लीन रूममध्ये जाताना बाकावर बसून बूट काढून पायांना कव्हर चढवतो, तेव्हा मी पाय भिंतीकडे वळवून घेते. एवढीशी गोष्ट आहे, कोणाला दिसतही नाही. पण मला दिसते, रोज, आणि रोज मला पहिल्या पानावरची ती पिवळी बया आठवते.

म्हणून इरा झाली तेव्हा मी मनाशी एक पक्कं केलं होतं. काहीही होवो, माझ्या मुलीच्या पायात कधी घट्ट बूट जाणार नाही.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आई दोन महिन्यांसाठी आली. इरा सात वर्षांची. तिचे शाळेचे बूट फाटले होते, तेव्हा आम्ही तिघी त्या दुकानात गेलो. मालकीणबाई सत्तरीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, गुडघ्यांवर बसून त्यांनी लोखंडी पट्टीवर इराचा पाय मोजला, लांबी मोजली, रुंदी मोजली. मग माप सांगितलं. मी म्हटलं, दोन नंबर मोठे द्या. त्या म्हणाल्या, दोन नाही हं, अर्धा द्यायचा असतो फार तर, पाय आत हलतो मग. मी म्हटलं, आमच्याकडे वाढत्या मापाचेच घेतात. आणि पर्समधून कापसाची गुंडाळी काढली. हो, मी कापूस घरूनच नेला होता. त्यांच्यासमोर दोन्ही बुटांच्या पुढच्या टोकात तो ठासून बसवला आणि इराला म्हटलं, "मी सांगेपर्यंत हा काढायचा नाही हं."

"ओके, मॅम," इरा म्हणाली. इथली सगळी मुलं आईला तसंच म्हणतात.

आणि मागून आईचा आवाज आला. "अगंबाई! ही तर आपली शहाणी!"

भिंतीवर ती होती. पिवळा फ्रॉक, हात मागे, तपकिरी सँडल. तीच. फरक एवढाच की हिला कोणी कापलेली नव्हती. तिच्यामागे हिरवळ होती, जी मी कधी बघितली नव्हती, आणि तिच्या पायांखाली मजकूर होता, जो कॅम्पातल्या रद्दीबरोबर केरात गेला होता. मी तो वाचला. मुलांचे पाय मऊ असतात, बूट चावला तरी त्यांना नीट कळत नाही आणि ती सांगतही नाहीत, तेव्हा दर तीन महिन्यांनी पाय मोजून घ्या, अशा अर्थाचं काहीतरी. मी ते पुन्हा वाचलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चित्र सगळं आलं होतं आमच्या घरी, सँडलवरच्या शेवटच्या भोकापर्यंत. फक्त कामाचं तेवढं आईने कापून टाकलं होतं.

मालकीणबाईंना वाटलं आम्हाला जाहिरात आवडली. त्या हसून म्हणाल्या, छान आहे ना? पण खरं सांगू, त्या काळात आमच्याकडे असलं कोण घालत होतं, आम्ही नऊ भावंडं, मला थोरल्या भावाचे बूट यायचे, तेही तळ गेलेले. मी विचारलं, मग लावता कशाला? तर म्हणाल्या, गिऱ्हाइकांना आवडतं, त्यांना त्यांचं लहानपण आठवतं. कोणाचं लहानपण, हे काही मी विचारलं नाही.

मार्चमध्ये शाळा बंद झाली. नवे बूट कापसासकट प्रेसमध्ये गेले. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता आम्हीही म्हणतो. विमानं थांबली, आईचे दोन महिने लांबत गेले. माझा कारखाना चालूच होता. औषधं करणाऱ्यांना घरी बसायची सोय नव्हती. नवरा वरच्या खोलीत दार लावून लॅपटॉपसमोर. मी शिफ्ट करून यायची, दारातच कपडे बदलायची, आणि आत आले की सोफ्यावर आजी आणि नात डोक्याला डोकं लावून टॅबलेट बघत बसलेल्या. काय बघतायत? तर त्याच जाहिराती. इराने आजीला शोधून दिल्या होत्या. वहीत मावल्या नसत्या इतक्या, शेकड्यांनी.

"लुक, मॅम, दे हॅड अ मशीन टु सी युअर बोन्स!"

होतं म्हणे तसं. त्या काळच्या दुकानांत पेटीत पाय घातला की बुटाच्या आतली हाडं दिसायची, आणि आया कौतुकाने वाकून बघायच्या. पुढे कळलं की ते किरण मुलांना घातक आहेत. मी ते ऐकलं आणि मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. असंच असणार या लोकांचं, मी म्हटलं, हसऱ्या पोरांच्या खाली.

"तू एवढी का चिडतेस गं चित्रांवर?" आई म्हणाली. "केवढं पोट भरलं त्यांनी आपलं."

त्या दिवशी मात्र मी मोजे काढले. आईच्या समोर टीपॉयवर दोन्ही पाय ठेवले. "हे बघ. हे तुझ्या शहाणीचे सँडल."

आईने बघितलं. मग म्हणाली, "तू कधी सांगितलं नाहीस."

झालं. एवढंच. मी सात वर्षांची होते, आणि चूक माझी, कारण मी सांगितलं नाही. मी त्या दिवसापासून आईशी जेवढ्यास तेवढं बोलू लागले. दोन किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी असताना, एका छोट्या घरात, जिच्याशी भांडलोय तिलाच रोज पोळीला तूप लावू का विचारायचं, ह्यासारखी शिक्षा नाही. आई बिचारी पडद्याच्या उरलेल्या कापडाचा इराला फ्रॉक शिवत बसायची. बिचारी, हे आत्ता लिहितेय. तेव्हा म्हणत नव्हते.

ऑगस्टच्या शेवटी शाळा उघडली. शाळेच्या आदल्या दिवशी मी धावपळीत प्रेसमधून बूट काढले, इराच्या पायात चढवले, पुढे अंगठ्याने दाबून बघितलं. कडक चामडं, काय कळणार. "नीट बसतात ना?" "ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत ठीक. मी खूश. बघा, म्हटलं, वाढत्या मापाचे घेतले ते कसे मापात आले. आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

ऑक्टोबरमध्ये इरा लंगडायला लागली. आधी मला वाटलं मैदानात पडली असेल. मग आंघोळीच्या वेळी अंगठ्याचं नख दिसलं, काळंनिळं, आणि शेजारच्या बोटाला गोल फोड. मी बाथरूममधून टॉवेल हातात घेऊन बाहेर आले आणि आईवर तुटून पडले.

"तूच शिकवलं असणार तिला! शहाणी मुलगी तक्रार करत नाही, हो ना? दिवसभर ती चित्रं दाखवायची, हसायचं कसं, उभं राहायचं कसं! माझे पाय घालवलेस ते पुरले नाहीत तुला?"

आई म्हणाली, "मी असं काही..." आणि थांबली. डाळीला फोडणी द्यायची राहिली होती, ती द्यायला गेली. मी त्यालाही गुन्ह्याची कबुली समजले.

त्याच आठवड्यात पुन्हा सगळं बंद होणार अशी घोषणा झाली. बुटांची दुकानंही. शेवटच्या दिवशी दुकानाबाहेर ही रांग. मालकीणबाईंनी दार अर्धवट उघडून सांगितलं, एका मुलाबरोबर एकच मोठं माणूस. आई बाहेर राहिली, थंडीत, शालीवर रेनकोट घालून, काचेशी. काचेतल्या जाहिराती बघत असेल असं मला वाटलं, आणि त्याचाही राग आला.

मालकीणबाईंनी तोंडापुढे प्लास्टिकची पारदर्शक पट्टी लावली होती. त्यांनी इराचा उजवा बूट काढला, हातात घेतला, आणि सवयीने आत हात घातला. मग थांबल्या. दोन बोटांनी ओढून त्यांनी आतून एक गोळा बाहेर काढला. सुपारीएवढा, करडा, दगडासारखा घट्ट. त्यावर इराच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, नखासकट.

मला क्षणभर कळेना हे काय आहे. मग कळलं. कापूस. माझाच, घरून नेलेला.

त्यांनी दुसऱ्या बुटातूनही तसाच गोळा काढला आणि दोन्ही माझ्या तळहातावर ठेवले, हरवलेली वस्तू परत द्यावी तसे. मी इराकडे वळले. आणि माझ्या तोंडून जे वाक्य आलं ते माझं नव्हतं, मी ते ओळखत होते.

"तू सांगितलं का नाहीस?"

इराला नवल वाटलं. "यू सेड डोन्ट टेक इट आउट," ती म्हणाली. "यू सेड अंटिल यू से."

मी सांगेपर्यंत. आणि मी सांगितलंच नव्हतं. कारखान्यात एका बाटलीच्या झाकणाचं माप मी तीनदा तपासते, दोन सह्यांशिवाय पुढे जाऊ देत नाही. घरी मात्र फेब्रुवारीत ठासलेला कापूस मी ऑक्टोबरपर्यंत विसरले, आणि मुलीने आठ आठवडे तो जपला. शहाणी! मी मान वर केली तर समोर भिंतीवर ती होतीच, हात मागे बांधून. तिच्याइतका राग मला त्या क्षणी दुसऱ्या कोणाचा आला नसेल, म्हणजे एका माणसाचा सोडून, आणि ते माणूस मीच होते.

इराच्या मापाचे बूट घेतले, अर्धा नंबर मोठे. बाहेर आले. आईने विचारलं, "काय गं, काय झालं होतं?"

गोळे माझ्या कोटाच्या खिशात होते. मी म्हटलं, "काही नाही. बुटातच दोष होता काहीतरी."

"बरं झालं बाई बदलले," आई म्हणाली, आणि इराचा हात धरून पुढे चालू लागली.

डिसेंबरात आईला विमान मिळालं. मधले दोन महिने मी तिच्याशी फार चांगली वागले, नको तितकी चांगली, आणि कापसाचं बोलले नाही. विमानतळावर ती इराला म्हणाली, दुखलं की लगेच सांगायचं हं आईला. माझ्याकडे न बघता म्हणाली. मला वाटलं, तिने तो आरोप गिळला, तिला खरंच वाटतंय की नातीचा पाय आपल्यामुळे दुखावला. आणि मी ते तसंच राहू दिलं. वसंतात पुण्याहून कोणी ना कोणी गेल्याची बातमी यायला लागली, तेव्हाही दर फोनवर मी औषधं घेतेस का, मास्क लावतेस का एवढंच विचारलं. आई बरी राहिली. माझं बोलणं राहिलं.

आता पुन्हा ऑगस्ट. इराला बूट घ्यायचेत, आणि काल मी फुटपाथ बदलून घरी आले. स्वतःचा असा राग आला की चहासुद्धा न टाकता चिंचवडला फोन लावला. आई भाजी निवडत होती. मी प्रस्तावना केली नाही.

"आई, मागच्या वर्षी इराच्या बुटात माझाच कापूस राहिला होता. मी घातलेला. तुझं त्यात काही नव्हतं. मी खोटं बोलले."

तिकडे मेथीची जुडी ठेवल्याचा आवाज आला.

"माहितेय मला," आई म्हणाली. "काचेतून बघत होते की मी. त्या बाईने काढला तो."

मला, काय सांगू, रागच आला. दहा महिने!

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा चेहरा बघितला ना."

"मास्क होता गं माझ्या तोंडावर."

"कपाळ दिसत होतं." मग म्हणाली, "यंदा घातलास का कापूस?"

"नाही. अजून बूटच घेतले नाहीत."

"घालू नकोस. आणि महिन्या-महिन्याला पुढे बोट घालून बघत जा. ती सांगणार नाही, आपण बघायचं असतं." मग हळूच म्हणाली, "मी नाही कधी बघितलं तुझ्या सँडलमध्ये."

चाळीस वर्षांची बाई मी. फोन कानाला धरूनच जमिनीवर बसले. इरा सोफ्यावर लोळत पुस्तक वाचत होती, पायांत मागच्या वर्षीचेच बूट.

"इरा," मी म्हटलं, "पाय दे इकडे."